काळी चारवरून काळी एकवर : टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या गायकांसाठी

परळ-लालबागच्या चाळींत एखाद्या पोराला गळा आहे हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. गणपतीतल्या आरत्या, मंडळाचं भजन, शाळेचं स्नेहसंमेलन... गाणाऱ्याला इथे बोलावणं येतंच. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारी माणसं, म्हणजे ट्रान्स पुरुषही, यात गातात. त्यांच्यातला कुणी टेस्टोस्टेरॉन (बोलण्यात नुसतं ‘टी’) सुरू करायचं ठरवतो, तेव्हा दाढी-मिशांपेक्षा त्याला जास्त झोप उडवणारे प्रश्न गळ्याचे असतात. गाणं जाईल का? टी थांबवलं तर जुना आवाज परत येईल का? डोस अगदी थोडा घेतला तर बोलणं जाड होऊन वरचे सूर तसेच राहतील, असं जमेल का?

तिन्हींची उत्तरं आधी घ्या. गाणं सहसा जात नाही, पण तुम्ही आज गाता ते गाणं तसंच राहत नाही. एकदा उतरलेला आवाज टी थांबवून परत येत नाही. आणि टीचे परिणाम निवडून घेता येत नाहीत: डोस कमी असेल तर बदल सावकाश होतो, पण होतो.

गळ्यात नेमकं काय होतं

टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू जाड आणि जड होतात. जड तंतू कमी वेगाने कंपतात, म्हणून स्वर खाली येतो. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो तेव्हाही हेच होतं. फरक एवढाच की त्या मुलाचं स्वरयंत्रही त्याच काळात वाढतं, नरडं पुढे येतं. प्रौढ माणसाच्या स्वरयंत्राची कूर्चा बऱ्याच अंशी घट्ट झालेली असते, ती तशी वाढत नाही. म्हणजे तंतू जाड झाले तरी त्यांच्याभोवतीची चौकट जवळपास तेवढीच राहते. काही ट्रान्स पुरुषांचा स्वर पुरुषाच्या पट्टीत येऊनही आवाजाला अपेक्षित भरदारपणा येत नाही किंवा गळा लवकर दमतो, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमला ५० ट्रान्स पुरुषांच्या आवाजाचा टी सुरू झाल्यापासून अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलण्याची सरासरी पट्टी सुमारे १९० हर्ट्‍झवरून पहिल्या वर्षअखेर सुमारे १२५ हर्ट्‍झवर आली. पहिल्या तीन महिन्यांतच उतार दिसू लागला होता. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना मात्र आवाज थकणं, अस्थिर होणं किंवा पुरेसा न उतरणं यांपैकी काहीतरी त्रास झाला.

हार्मोनियमवर मांडलं तर हा उतार पंचमाहून किंचित जास्त भरतो. काळी चारला सा धरून गाणाऱ्या बाईचा सा पाच सुरांनी खाली नेला, तर तो काळी एकवर येतो, आणि काळी एक ही पुरुष गायकांची नेहमीची पट्टी. बोलण्याची पट्टी आणि गाण्याची पट्टी एकच नसते, त्यामुळे हे गणित तुमच्या गळ्याला तंतोतंत लागू होईलच असं नाही. अंदाज बांधायला मात्र ते चांगलं आहे.

पहिली दोन वर्षं

- पहिले काही आठवडे ते तीन महिने: घसा खवखवतो, जड वाटतो, सकाळी आवाज बसल्यासारखा येतो. वरच्या सुरांना जरा जास्त जोर लागतो. फोनवरच्या माणसाला बदल तुमच्या आधी कळतो.
- तीन ते नऊ महिने: गाणाऱ्यासाठी सगळ्यात कठीण काळ. तार सप्तक निसटतं, मंद्र अजून हाताशी आलेलं नसतं, आणि मध्येच दोन-तीन सूर असे असतात की तिथे आवाज लागतच नाही, फाटतो किंवा नुसती हवा येते. काल लागलेला गंधार आज लागत नाही.
- वर्षाच्या आसपास: बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी बसतो.
- दुसरं वर्ष: बदल चालू राहू शकतो. गाण्याचा आवाज बोलण्याच्या मागून बसतो. पल्ला रुंदावणं, फिरत परत येणं हे याच काळात घडतं.

ही मुदत प्रत्येकाची वेगळी. बदल कुठे थांबेल हे कुठलाही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. “सहा महिन्यांत पक्का पुरुषी आवाज” अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा.

पहिल्या डोसच्या आधी

ही कामं नंतर करता येत नाहीत, म्हणून त्यांना घाई आहे.

१. आवाज रेकॉर्ड करून ठेवा. फोन चालेल. तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर तुमची आजची पट्टी लावा. आकारात सर्वात खालच्या सुरापासून सर्वात वरच्यापर्यंत जा, मग एक बंदिश, एक अभंग आणि दोन मिनिटं साधं बोलणं. फाइलला तारीख द्या. पुढे दर महिन्याला हेच, याच क्रमाने. नवव्या महिन्यात जेव्हा वाटेल की काहीच सुधारत नाही, तेव्हा सहाव्या महिन्याची फाइल ऐका. डॉक्टरांपुढे आणि गुरूंपुढेही नुसत्या वर्णनापेक्षा ही फाइल जास्त कामाची ठरते. शिवाय जुना आवाज हा तुमच्या गाण्याचा भाग आहे. तो जपून ठेवण्यात पुरुष असण्याला कुठेच कमीपणा येत नाही.

२. घसा तपासून घ्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर बारीक कॅमेऱ्याने स्वरतंतू पाहतात. काही मिनिटांचं काम असतं. तंतूंवर आधीच गाठ किंवा सूज असेल तर ती आत्ता कळायला हवी, नाहीतर पुढे होणारा प्रत्येक त्रास टीच्या नावावर जमा होतो.

३. हार्मोन देणाऱ्या डॉक्टरांना “मी गातो” हे स्पष्ट सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही. डोस कमी ठेवून हळूहळू वाढवता येईल का, हे विचारा. ब्रिटनमधले ट्रान्स गायक आणि संशोधक अलेक्झांड्रोस कॉन्स्टान्सिस यांनी २००८ मध्ये, गाणाऱ्यांनी बदल सावकाश होऊ द्यावा अशी बाजू मांडली होती. सावकाश गेल्याने गळा नक्की सुरक्षित राहतो, असा भक्कम पुरावा नाही. पण रोज रियाज करणाऱ्याला गळ्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो, आणि तेवढ्यासाठी ही विनंती करण्यासारखी आहे.

४. गुरूंना विश्वासात घ्या. सगळी हकिगत सांगायची नसेल तर “औषधामुळे वर्षभर आवाज बदलणार आहे, पट्टी उतरेल” एवढं पुरे.

परळहून कुठे जाल

केईएम रुग्णालय इथेच आहे. हार्मोनसाठी एंडोक्रायनॉलॉजी, घशासाठी ईएनटी आणि समुपदेशनासाठी मानसोपचार हे तिन्ही विभाग एकाच आवारात असल्याने केसपेपर काढला की तुमची धावपळ वाचते. आवाजाच्या उपचारासाठी मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय लक्षात ठेवा, तिथे स्पीच थेरपी शिकवणारा जुना विभाग आहे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा आणि श्रवण हेच तिचं क्षेत्र. सीएसएमटीजवळच्या जीटी रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथी आणि ट्रान्स रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

स्पीच थेरपिस्टकडे गेल्यावर “आवाज पुरुषी करायचाय” एवढ्यावर थांबू नका. “मी गातो, मला दोन सप्तकं हवीत” असं सांगितलंत तर व्यायाम वेगळे मिळतात.

टी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. रक्त घट्ट होण्याचा धोका असतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट चुकवू नका. पाळी थांबली तरी टी हे गर्भनिरोधक नाही, हेही ध्यानात असू द्या.

वाटा एकापेक्षा जास्त आहेत

टी न घेता ट्रान्स पुरुष राहता येतं. नॉर्वेचे ऑपेरा गायक एड्रियन अँजेलिको यांनी आपला मेझो-सोप्रानो आवाज टिकवण्यासाठी टेस्टोस्टेरॉन घेतलं नाही. ते पुरुष म्हणून जगतात आणि त्याच आवाजात रंगमंचावर गातात. अमेरिकेचे होल्डन मॅडागेम यांनी दुसरी वाट धरली. तेही आधी मेझो-सोप्रानो होते. टी घेतल्यावर त्यांनी गळा नव्याने घडवला आणि टेनर म्हणून ऑपेरात उतरले. टोरांटोच्या ‘द क्लिक्स’ बँडचे लुकास सिल्वेरा बरीच वर्षं गाण्यासाठी थांबले, मग त्यांनी टी घेतलं आणि पुन्हा अल्बम केला.

थांबणं हाही निर्णय आहे. विशारदची परीक्षा, ठरलेलं रेकॉर्डिंग, एखादा मोठा कार्यक्रम पार पडेपर्यंत सहा महिने पुढे ढकलता येतात. पण आरशात आणि फोनवर रोज परका वाटणारा आवाज सोसत, केवळ गाण्याला घाबरून तुम्ही वर्षानुवर्षं थांबला असाल, तर त्या सोसण्याची किंमतही हिशेबात धरा. हा निर्णय ना गुरूंचा आहे, ना घरच्यांचा.

टी नकोच असेल किंवा अजून ठरत नसेल, तर स्पीच थेरपीने बोलण्याची पट्टी थोडी खाली आणता येते. तेवढ्याने गाण्याच्या पल्ल्याला धक्का लागत नाही.

रियाज : इथेच सगळं ठरतं

आपल्याकडे आवाज भरदार करायला खर्ज लावायला सांगतात. पहाटे उठून मंद्रातला सा धरून बसायचं. टीच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत हा सल्ला जसाच्या तसा पाळू नका. तंतू बदलत असताना आवाज दाबून, हनुवटी छातीला टेकवून खाली नेला, तर गळ्याचे स्नायू आवळायची सवय लागते, आणि ती मोडायला आवाज बसायला लागतो त्याहून जास्त काळ जातो. आवाज आपोआप उतरतो आहे, त्याला ओढू नका.

मग करायचं काय?

- सा रोज शोधा. कालची पट्टी आज धरून बसू नका. हार्मोनियमवर सहज बोलण्याच्या सुराजवळची पट्टी घ्या, तिथून वर-खाली चार-पाच सूर आरामात लागतात का ते पाहा. आज काळी तीन, पुढच्या महिन्यात पांढरी चार, त्यानंतर काळी दोन असं होईल. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा.
- थोडं आणि वारंवार. सलग तासभर बसण्यापेक्षा दिवसात तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं. गळा दुखला की थांबायचं. दुखणं ही रियाजाची खूण नव्हे.
- हुंकार आणि ओठांची फुरफुर. तोंड मिटून हुंकार, किंवा ओठ फुरफुरवत सुरांवरून घसरत वरून खाली येणं. तंतूंवर ताण न येता पल्ला हलता राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री नऊनंतर हेच जमण्यासारखं असतं, भिंतीपलीकडे काही ऐकू जात नाही.
- वरचा हलका आवाज सोडू नका. ज्याला गायक ‘खोटा आवाज’ म्हणतात तो या काळात जवळजवळ नाहीसा होतो. रोज दोन मिनिटं, हळू आवाजात, वरून खाली यायचं. अनेकांना तो दुसऱ्या वर्षी परत सापडतो. एकदा पूर्ण सोडून दिलेला आवाज मात्र पुन्हा शोधणं जड जातं.
- मधली फट ओलांडायला घाई नको. ज्या सुरांवर आवाज फाटतो तिथे जोर लावण्याऐवजी खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी हळूच त्यांच्याकडे या.
- छाती दाबणारा बाइंडर काढून गा. छाती बांधलेली असेल तर बरगड्या पसरत नाहीत, श्वास उथळ होतो आणि त्याची भरपाई गळा करतो. कार्यक्रमात बाइंडर घालणं भागच असेल तर सैल घ्या आणि दमसासाच्या जागा आधीच बदलून ठेवा. क्रेप बँडेज कधीच नको; ते श्वासागणिक घट्ट होत जातं.

या काळात गाणं तोडू नका. आवाज फुटलेल्या मुलाला काही गुरू वर्षभर गाऊ देत नसत. पण हलक्या हाताने गात राहिलेला गळा नव्या तंतूंची ओळख लवकर करून घेतो, असाच आवाजावर काम करणाऱ्या बहुतेकांचा आजचा कल आहे. आवाजाची जोपासना हा मुंबईला नवा विषयही नाही. ऑपेरा हाउसजवळ स्कूल ऑफ इंडियन म्युझिक चालवणारे प्रा. बी. आर. देवधर आणि त्यांच्यानंतर डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय गळ्यासाठी व्हॉइस कल्चरचा विचार याच शहरात मांडला. तुमच्या गुरूंना ‘स्पीच थेरपी’ हा शब्द परका वाटत असेल, तर ही नावं सांगा, बोलणं सोपं होईल.

आणि गंगूबाई हनगल ऐका. १९१३ साली धारवाडला जन्मलेल्या गंगूबाईंच्या सुरुवातीच्या, १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत आवाज उंच आणि बारीक आहे. पुढे घशाच्या उपचारानंतर तो खूप खाली आला, इतका की न सांगता ऐकवलं तर कित्येकांना पुरुष गातोय असं वाटतं. त्यांचं कारण हार्मोनचं नव्हतं, आणि त्या स्त्री म्हणूनच जगल्या. तुमची गोष्ट वेगळी आहे. पण गाणारीचा गळा ऐन उमेदीत बदलला, आणि तिने सवाई गंधर्वांची तालीम त्या नव्या, जड आवाजात बसवली, ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. जलद फिरतीच्या मागे न धावता एकेक सूर ठाशीवपणे लावत राग उभा करणं हीच त्यांच्या गाण्याची ओळख झाली. दोन्ही काळांतल्या मुद्रिका लागोपाठ ऐकल्या की नव्या गळ्याला जुन्याची नक्कल करायला न लावता त्याला शोभेल ते गाणं कसं निवडायचं, हे कानांना कळतं.

इथे फसू नका

- जिममधली इंजेक्शनं. शरीर कमावण्यासाठी विकली जाणारी स्टेरॉइड्स आणि डॉक्टरांनी दिलेलं टेस्टोस्टेरॉन एक नव्हे. कुपीत काय आणि किती आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. मित्राच्या चिठ्ठीवर स्वतःला टोचून घेणंही तितकंच घातक.
- बदल लवकर व्हावा म्हणून डोस वाढवणं. आवाज त्या मानाने लवकर बसत नाही, रक्त मात्र घट्ट होतं.
- प्रत्येक त्रासाला टी जबाबदार धरणं. आम्लपित्त, सिगारेट, गणपतीत ढोल-ताशांसमोर दहा दिवस ओरडणं यांनीही गळा बसतो.
- दुखणं अंगावर काढणं. घोगरेपणा तीन-चार आठवडे हटलाच नाही, बोलताना दुखू लागलं किंवा गाताना एकदम आवाज गेला, तर गाणं त्या क्षणी थांबवा आणि ईएनटीकडे जा.

तुमचे हक्क

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात ट्रान्स व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार आरोग्यसेवा नाकारणं, मध्येच बंद करणं किंवा अन्यायकारक वागणूक देणं याला मनाई आहे. शिक्षणसंस्था आणि नोकरीलाही हे लागू होतं. कलम १५ मध्ये हार्मोन उपचार आणि त्याआधी-नंतरचं समुपदेशन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आवाजाच्या उपचाराचा त्यात वेगळा उल्लेख नाही. म्हणून केसपेपरवर डॉक्टरांकडून स्पीच थेरपीची शिफारस लिहूनच घ्या. तोंडी सल्ल्यावर पुढच्या खिडकीत नंबर लागत नाही.

तुमचे कागद मागण्याचा हक्कही वापरा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार, मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदींची प्रत द्यायला हवी. टी सुरू होण्याआधीचा स्वरतंतूंचा अहवाल आणि चित्रं स्वतःकडे ठेवा. रुग्णालय बदललं तर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान योजनेत ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाचा करार जाहीर केला. तुम्ही जाणार त्या रुग्णालयात ती योजना चालते का आणि कुठल्या उपचारांना, हे आधी विचारून घ्या. त्यावर विसंबून खर्च ठरवू नका.

ओळखपत्राचा अर्ज ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो. नियम बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी तिथली ताजी सूचना वाचा, वर्षभरापूर्वीच्या मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. नाव बदलायचं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद लागते.

परीक्षा देणार असाल तर

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. टी सुरू झाल्यावरचा तिसरा ते नववा महिना यांच्या दरम्यान परीक्षेचं सत्र येत असेल तर ते एक सत्र सोडा. नाहीच सोडता आलं, तर पट्टी तुम्हीच निवडायची असते. परीक्षेच्या आठवड्यात जी आरामात लागते ती सांगा, साथीदाराला दोन पट्ट्या तयार ठेवायला लावा, आणि तारात फार न जाणारे, मंद्र-मध्यात खुलणारे राग पुढे घ्या. नाव बदलण्याचा विचार असेल तर राजपत्राची प्रत परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हातात असू द्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर नावाची दुरुस्ती करून घेण्यात पुढचं सत्रही निघून जाऊ शकतं.